दाराशी येणाऱ्याचं नाव काय? नवीन विश्वासणाऱ्यांनी दयेची सुरुवात कुठून करायची

आमच्या चर्चमध्ये नवीन येणाऱ्यांचा एक छोटा ग्रुप मी गेली काही वर्षं घेते. बाप्तिस्मा झाला की दोन-तीन आठवड्यांत कुणीतरी उपासनेनंतर थांबून विचारतंच, ताई आता मी सेवा कुठून सुरू करू? डोक्यात बहुतेक वेळा अनाथाश्रम, टेम्पोभर कपडे, लांबच्या गावात जाऊन काहीतरी मोठं असं असतं, आणि ते चांगलंच आहे, पण मी सगळ्यांना एकच उलटा प्रश्न विचारते, तुमच्या दाराशी रोज कचरा न्यायला येतात त्या ताईंचं नाव काय? दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. मलाही एकेकाळी माहीत नव्हतं, आणि त्याची आजही मला खंत वाटते.

हे लिहितेय ते पुण्यात राहणाऱ्या आणि विश्वासात नवीन असलेल्या लोकांसाठी. कॉलेजला आलेली मुलं, आयटीतली, नवीन लग्न होऊन आलेल्या मुली, आणि जे लहानपणापासून चर्चला जातात पण आता कुठं मनापासून चालायला लागलेत तेसुद्धा.

सुरू करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाकडं जातं. आपण चांगलं वागून तारण कमवत नाही. इफिसकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय काढून बघा, तारण हे देवाचं दान आहे असं आधी सांगितलंय आणि लगेच पुढे म्हटलंय की सत्कृत्यं करण्यासाठीच आपल्याला घडवलंय. आधी मिळालं, मग द्यायचं, हा क्रम. आणि दुसरी बाजू, दया म्हणजे गळाला लावलेलं आमिष पण नाही. कुणाला डबा दिला म्हणून त्यानं रविवारी चर्चला यावं असा हिशोब मनात असेल तर तो डबा देऊच नका, कारण समोरच्याला ते कळतं, लगेच कळतं. कुणी स्वतःहून विचारलं की तुम्ही हे का करता, तर खरं उत्तर द्या, लाजू नका. पण विचारल्यावर.

पहिली पायरी, नावं

येशूनं इतके दाखले सांगितले, त्यात माणसाला नाव असलेला दाखला एकच आहे. लूकच्या सोळाव्या अध्यायातला. त्यातल्या जांभळे कपडे घालून रोज मेजवानी करणाऱ्या श्रीमंत माणसाला नाव नाही, पण त्याच्या दाराशी फोडांनी भरून पडलेल्या गरिबाला आहे, लाजर. मला हे कुणीतरी दाखवून दिलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते. श्रीमंतानं लाजराला मारलं नाही, हाकललंसुद्धा नाही, फक्त रोज त्याच्या बाजूनं आत-बाहेर करत राहिला.

तर आज रात्री एक वही घ्या आणि आठवड्याभरात तुमच्या दाराशी कोण-कोण येतं ते लिहा. दूधवाला, पेपरवाला, वॉचमन काका, जिना पुसणाऱ्या मावशी, इस्त्रीवाला, डिलिव्हरीची मुलं, कचरा नेणाऱ्या ताई. समोर नाव लिहा. जिथं नाव येत नाही तिथं रिकामं सोडा आणि या आठवड्यात विचारून भरा. विचारताना उगाच प्रस्तावना नको, "ताई, इतके दिवस झाले, तुमचं नावच विचारलं नाही मी, चुकलंच माझं" इतकं पुरतं. मग त्या नावानं हाक मारा, मोठ्या असतील तर नावापुढं ताई, मावशी, काका लावूनच.

कचरा नेणाऱ्या ताईंबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथं दया करायला पैसे लागतच नाहीत. पुण्यात बऱ्याच भागात स्वच्छ या सहकारी संस्थेच्या ताई येतात, त्याआधी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना झाली आणि स्वच्छ त्यातूनच पुढे उभी राहिली. या बायका आपला कचरा हातानं वेगळा करतात, हातानं, हे नीट डोळ्यासमोर आणा. मग ओला आणि सुका वेगळा ठेवणं, दुधाची पिशवी खळखळून धुऊन देणं, फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर मोठ्या अक्षरात काच लिहिणं आणि तोंडानं पण सांगणं, सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल पेननं ठळक गोल काढणं, ही प्रार्थनेइतकीच खरी गोष्ट आहे असं मी मानते. आमच्याकडच्या ताईंचा अंगठा एकदा काचेनं कापला होता. ती काच आमच्याच जिन्यावरच्या कुणाच्या तरी घरातली होती, कदाचित माझ्याच. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना नाव विचारलं, जखमेला पट्टी बांधताना. एप्रिल-मे महिन्यात पाण्याची बाटली भरून दारात ठेवा आणि त्यांना बसायला जिन्यात स्टूल द्या, सोसायटीचं कुणी काही म्हणालं तर तुम्ही बोला, त्यांना बोलायला लावू नका.

दुसरी पायरी, कडा सोडायला शिका

जुन्या करारात लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात देवानं शेतकऱ्यांना सांगितलंय की पीक कापताना शेताच्या कडेपर्यंत कापू नका, खाली पडलेलं वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. रूथ अशीच बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली आणि पोटाला मिळालं. आपल्याकडं शेत नाही पण कडा सगळ्यांकडं आहेत. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवर पाच रुपयांसाठी घासाघीस, ती सोडा. घरकामाच्या मावशींच्या सुट्ट्या कापायच्या, ते सोडा, महिन्याला चार सुट्ट्या भरपगारी असं आधीच ठरवून त्यांना सांगा, आणि आजारपणाची सुट्टी त्यात धरू नका. दिवाळीला एक पगार बोनस बरेच जण देतात, तुम्ही ख्रिस्ती म्हणून नाताळपर्यंत थांबू नका, त्यांचा सण दिवाळी असेल तर दिवाळीलाच द्या. पगार ठरलेल्या तारखेला हातात पडला पाहिजे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडं ठेवू नये असं त्याच अध्यायात आहे.

आता पैशाचं. चांगल्या शोमरोन्याचा दाखला, लुटून रस्त्यावर टाकलेल्या जखमी माणसाला एका परक्या शोमरोन्यानं उचलून खाणावळीत नेलं तो, सगळ्यांना पाठ असतो, लूक दहा, पण त्यातला हिशोब कुणी बघत नाही. त्यानं खाणावळवाल्याला दोन दीनार दिले. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तेच येतं. म्हणजे दोन दिवसांची कमाई. मी नवीन मुलांना हेच माप देते. पगार चोवीस हजार असेल तर दिवसाचे आठशे, दोन दिवसांचे सोळाशे, ते महिन्याच्या एक तारखेला पाकिटात बाजूला. दशांश वेगळा, अर्पण वेगळं, हे पाकीट अचानक समोर येणाऱ्या माणसासाठी. पाकीट असलं की मनाची ओढाताण कमी होते, कारण ते पैसे आधीच तुमचे राहिलेले नसतात. शिकत असाल, कमाई नसेल, तर महिन्यातल्या दोन संध्याकाळी द्या, वॉचमन काकांच्या मुलीला दहावीचं गणित शिकवा, बँकेचा फॉर्म भरून द्या, मोबाईलवर वीजबिल कसं भरायचं ते शेजारच्या आजींना न चिडता चौथ्यांदा समजावून सांगा.

पण पैसे देऊन मोकळं होणं ही सवय लावून घेऊ नका. पंडिता रमाबाईंचं केडगाव एकदा जाऊन बघा, पुण्याहून दौंडच्या लाइनवर आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून अनाथ, विधवा मुलींना घेऊन आल्या. बाई स्वतः लहानपणी दुष्काळात आईवडील गमावलेल्या, त्यांना भूक काय असते ते ऐकून माहीत नव्हतं, भोगून माहीत होतं. मुलींना त्यांनी जेवू घातलंच, पण त्याबरोबर वाचायला, शिवायला, विणायला, शेती करायला, छापखाना चालवायला शिकवलं, आणि अंधांनासुद्धा. कुणाच्या हाताला काम मिळवून देता येत असेल तर त्यासाठी चार फोन करणं ही मोठी दया आहे. पुण्यातच दुसरं उदाहरण, बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं, म्हणजे हमालांच्या संघटनेनं, १९७४ साली कष्टाची भाकर ही स्वस्त जेवणाची सोय सुरू केली, कष्टकरी माणूस स्वतःच्या खिशातून परवडेल इतके पैसे देऊन मानानं जेवतो. हे ख्रिस्ती काम नाही, तरी मी मुद्दाम सांगते, चांगलं कुठंही दिसलं की शिकावं.

सिग्नलला हात पसरणाऱ्या लहान मुलांबद्दल सगळेच विचारतात. मी रोख देत नाही, खायला देते, पण पॅकेट फोडून देते, म्हणजे ते त्याच्याच पोटात जातं. मूल एकटं, जखमी किंवा घाबरलेलं दिसलं तर १०९८ ला फोन करा, ती मुलांची हेल्पलाइन आहे. एकटे पडलेले म्हातारे कुणी असतील तर १४५६७. दोन्ही नंबर आत्ताच सेव्ह करा.

तिसरी, घ्यायला पण शिका

ही पायरी नवीन लोकांना सगळ्यात अवघड जाते असा माझा अनुभव आहे. आपण देणारे आणि समोरचा घेणारा अशी उतरंड झाली की दया संपते. योहानच्या चौथ्या अध्यायात येशू विहिरीवर थकून बसलाय आणि शोमरोनी बाईकडं स्वतः पाणी मागतोय, ज्यांच्या भांड्याला यहुदी शिवत नसत त्यांच्याकडं. बोलणं सुरू झालं ते त्यानं मागितल्यामुळं. पुण्याला तर याची वेगळी आठवण आहे. १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये शहरातल्या हिंदू मंडळींना चहा-बिस्किटं दिली गेली आणि ख्रिस्त्यांकडचा चहा घेतला म्हणून शहरात केवढं वादळ उठलं, टिळक आणि रानडे दोघंही त्या मंडळींत होते, प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. गुरुवार पेठेत पवित्र नाम देवालयाच्या उंच मनोऱ्याखालून जाताना मला दर वेळी तो चहा आठवतो. एक कप चहा इतका जड होता. आज मावशींनी घरी बोलावलं तर जा, त्यांच्याकडचा चहा प्या, स्टीलच्या पेल्यात दिला तर पेल्यात प्या, बिस्किट पुढं केलं तर घ्या, आणि मोबाईल बॅगेत ठेवा.

प्रसादाचा प्रश्न नक्की येणार, सोसायटीत गणपती असतातच. याबद्दल मंडळ्यामंडळ्यांत वेगवेगळं मत आहे, पौलानं करिंथकरांना याच विषयावर बरंच लिहिलंय, ते वाचा, तुमच्या पाळकांशी बोला आणि तुमच्या विवेकाला धरून चाला. पण नाही घ्यायचा ठरवलं तरी दारात उभं राहून समोरच्याला भाषण देऊ नका. हात जोडून, हसून, "काकू, मी घेत नाही, पण तुम्ही आठवणीनं आणलंत, आत या ना, चहा टाकते" म्हणा. मागच्या पिढीतल्या आमच्या काही लोकांनी इथं कडूपणा केला आणि शेजार तुटले, ते परत जोडायला फार वर्षं लागली. दिवाळीचा फराळ, नाताळच्या करंज्या आणि केक यांची ताटं इकडून तिकडं जाऊ द्या. देण्याआधी एवढं विचारा की केकमध्ये अंडं चालतं का.

आषाढात पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा नाना पेठ, भवानी पेठ भरून जाते, तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाच्या देवळात, माउलींची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात, आणि आपली जुनी चर्चेस तिथून चालत जायच्या अंतरावर. माझं लहानपण तिथलंच. चालून चालून पायाला फोड आलेल्या म्हाताऱ्या बायका पायऱ्यांवर बसलेल्या असतात. त्यांना गरम पाणी, खोबरेल तेल, सुती कापड, मोबाईल चार्जिंगला एक एक्स्टेंशन बोर्ड आणि बायकांसाठी स्वच्छ संडास उघडा ठेवा, त्याची फार गरज असते. त्या दिवशी हातात पत्रकं नकोत. येशूनं शिष्यांचे पाय धुतले तेव्हा तो काही वाटत नव्हता.

चौथी, दवाखाना आणि रस्ता

आजाऱ्याला भेटायला जाणं हे मत्तय पंचविसात थेट येशूनं स्वतःला केल्यासारखं धरलंय, पण जायचं कसं ते कुणी शिकवत नाही. आधी फोन करून विचारा. दहा मिनिटं बसा, पंधरा फार झाली. तुमच्या मावसभावाला हाच आजार होता आणि मग काय झालं ते सांगू नका. प्रार्थना करू का असं विचारा, नको म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, हो म्हणाले तर हळू आवाजात छोटी करा, शेजारच्या खाटेवर पण कुणीतरी झोपलेलं आहे. ससूनला बाहेरगावहून आलेल्या पेशंटचे नातेवाईक आवारात, फुटपाथवर दिवस काढतात, आणि त्यांच्याकडं कुणी बघत नाही. पेशंटपेक्षा त्यांना विचारा, तुम्ही जेवलात का. चादर, अंघोळीचा साबण, चार्जर, औषधाचं दुकान कुठं ते दाखवणं, दोन तास पेशंटजवळ बसतो तुम्ही झोपून या, एवढं म्हणणं. याकोबानं लिहिलंय ना, उघड्या-उपाशी माणसाला नुसतं सुखी राहा म्हटलं तर काय उपयोग.

तुमचं वय अठरा ते पासष्टच्या मधे असेल, वजन पंचेचाळीस किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन साडेबाराच्या पुढं असेल तर रक्त द्या, पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी परत देता येतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत रक्त कमी पडतं, त्या वेळी मुद्दाम जा.

रस्त्यावर अपघात दिसला तर थांबा. शोमरोन्याच्या त्याच दाखल्यात यरीहोच्या रस्त्यावरचा याजक आणि लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, दुसऱ्या बाजूनं निघून गेले, आणि त्यांना बहुतेक आपल्यासारखीच भीती वाटली असेल, आपल्याला पोलिसांचं लचांड मागं लागेल असं वाटतं. तर २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलंय, अपघातातल्या माणसाला चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि नियमानुसार स्वतःचं नाव-पत्ता सांगायची सक्ती पण तुमच्यावर करता येत नाही. कायद्यातलं इंग्रजी नाव सुद्धा त्या शोमरोन्याचंच आहे, गुड समॅरिटन. गाडी बाजूला लावून हॅझर्ड लाइट चालू करा, १०८ ला फोन लावा, जागा नीट सांगा, कुठला चौक, कुठला पूल, जवळ काय आहे. मानेला मार असेल असं वाटलं तर उगाच हलवू नका, पाणी पाजू नका, हात धरून बोलत राहा.

फोटोबद्दल

हे लिहायला मला जड जातं. बऱ्याच वर्षांपूर्वी थंडीत आम्ही काही जण स्टेशनजवळ चादरी वाटायला गेलो होतो आणि ग्रुपवर टाकायला मी फोटो काढत होते. एका बाईनं चादर घेतली आणि पदर तोंडावर ओढून घेतला. मला वाटलं लाजली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "ताई, माझी लेक गावाला आहे, तिला माहीत नाही मी अशी राहते." मी तो फोटो लगेच पुसला, पण ती चादर परत ठेवून निघून गेली होती. त्या रात्री तिला थंडी माझ्यामुळं वाजली. डाव्या हाताला कळू देऊ नको असं येशू म्हणाला ते मी तोपर्यंत फक्त देणाऱ्याच्या गर्वाबद्दल आहे असं समजत होते, घेणाऱ्याच्या अब्रूबद्दल पण आहे हे मला त्या बाईनं शिकवलं. फोटो काढू नका. हिशोब हवा असेल तर पावत्या ठेवा.

फसवणूक होईल, ती पण धरून चाला. औषधाची खोटी चिठ्ठी दाखवून पैसे नेणारे भेटतील. औषध स्वतः दुकानातून घेऊन द्या म्हणजे हा प्रश्न बराच सुटतो, तरी कधीतरी फसालच, दोन दीनारातून तेवढं गेलं समजा आणि पुढच्या माणसावर त्याचा राग काढू नका. आणि घरच्यांना विसरू नका, बाहेर गोड आणि घरात आईवर ओरडणं हे आमच्या ग्रुपमध्ये मी सगळ्यात जास्त बघितलंय.

शेवटचं, परत जा

शोमरोनी खाणावळवाल्याला म्हणाला, जास्त खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन. मला त्या दाखल्यात हे वाक्य सगळ्यात आवडतं. कुणाच्या घरी मृत्यू झाला की पहिले तीन दिवस घर भरलेलं असतं, गाणी, प्रार्थना, जेवणाचे डबे, मग चाळिसाव्या दिवशी पुन्हा सगळे येतात, आणि त्यानंतर दार वाजत नाही. त्या दिवसापासून तुमचं काम सुरू होतं. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये तारीख टाका, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षानं, आणि गेलेल्या माणसाच्या वाढदिवसाची पण. जाताना फुलं नकोत, जेवण न्या. आणि ते प्लॅस्टिकच्या फेकून द्यायच्या डब्यात नेऊ नका, घरातला चांगला स्टीलचा डबा न्या, झाकणावर तुमचं नाव कोरलेला. आपल्याकडं रिकामा डबा कुणी परत देत नाही, त्या घरात परत काहीतरी शिजेल, आणि डबा घ्यायला तुम्हाला पुन्हा जावं लागेल.